गोठलेली हवा

भिवंडीजवळच्या पूर्णा गावी, गोदामाच्या तापलेल्या पत्र्याखाली हमालांना राबताना पाहिलं की मला एरोजेल आठवतं. उष्णता अडवणारा, जवळजवळ सगळाच हवेचा पदार्थ. थर्मोकोलचा दूरचा भाऊ म्हणा ना!

ओलं जेल नुसतं वाळवलं, तर आक्रसून त्याचा सांगाडा मोडतो. १९३१ साली अमेरिकेत किस्लरने ते दाबाखाली तापवून द्रव काढला, सांगाडा राखला. पण तापलेलं अल्कोहोल धोक्याचं. १९८४ साली स्वीडनच्या कारखान्यात स्फोट झाला. १९८५ मध्ये बर्कलीच्या संशोधकांनी न पेटणारा कार्बन डायऑक्साइड घेतला. ७३ पट हवेच्या दाबाखाली, ३१ अंशांपुढे तो धड द्रव नाही, धड वायू नाही.

कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात ए. व्यंकटेश्वर राव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी पुढे जेलच जलविरोधी करून ते साध्या दाबावर वाळवलं. मला हेच अधिक मोलाचं वाटतं. दाबयंत्राचा खर्च टळला, तरच एरोजेल त्या पत्र्याखाली पोहोचेल.