द्राक्षबागेतला मुक्काम म्हणजे नेमकं काय? वाईन रिसॉर्टवर काय असतं, कधी जावं आणि बागायतदाराचा त्यात वाटा किती

नाशिक : शनिवारी सकाळी गंगापूर धरणाच्या रस्त्याला लागलं की मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग दिसते. ही मंडळी द्राक्षबागेत एक-दोन रात्री राहायला येतात. खोलीच्या गॅलरीतून समोर वेली, पलीकडे धरणाचं पाणी, संध्याकाळी हातात वाईनचा ग्लास. एका रात्रीला चांगल्या शहरी हॉटेलइतके, सुट्टीच्या दिवसांत त्याहून जास्त पैसे ते मोजतात. आपल्याकडे ज्या बागेत औषध फवारताना घाम निघतो, ती नुसती बघायला लोक पैसे देतात, याचं गावाकडे अजूनही नवल वाटतं.

सुरुवात कशी झाली

नाशिकमध्ये याला खरं वळण दिलं ते सुला विनयार्ड्सने. अमेरिकेतली नोकरी सोडून आलेल्या राजीव सामंत यांनी गोवर्धन शिवारात, घरच्या जमिनीवर, १९९७ च्या सुमारास वाईनच्या वेली लावल्या. कंपनीचं नाव त्यांच्या आईच्या, सुलभा या नावावरून घेतलेलं. २००० साली पहिली वाईन बाजारात आली आणि २००५ मध्ये बागेतच लोकांना वाईन चाखायची सोय झाली. राहायच्या खोल्या त्यानंतरच्या. २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, निफाड तालुक्यात विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला वाईन पार्क झाले. नाशिकच्या वाईनला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे.

आज सुलाची रिसॉर्ट, त्याच पट्ट्यात गंगावऱ्हे इथलं सोमा, इगतपुरी तालुक्यात कावनईजवळ मुकणे धरणाकाठी मोजक्याच खोल्यांचं व्हॅलोने अशी ठिकाणं आहेत. नाशिकबाहेर सोलापूर जिल्ह्यात माळशिरस तालुक्यातल्या मोटेवाडीला फ्रातेल्ली आणि पुणे जिल्ह्यात दौंड तालुक्यातल्या रोटीला फोर सीझन्सची बाग आहे. अशा बागांमध्ये मुक्कामाची सोय असली तरी ती बाराही महिने असेलच असं नाही, म्हणून फोन करूनच निघावं.

तिथे दिवसभर करतात काय

आधी कारखाना दाखवतात. पांढरी वाईन करताना द्राक्षाचा रस लगेच पिळून सालीपासून वेगळा करतात; लाल वाईन मात्र सालीसकट आंबवतात, तिचा रंग सालीतून येतो. स्टीलच्या मोठ्या टाक्या थंड ठेवलेल्या असतात. काही लाल वाईन ओक लाकडाच्या पिंपात महिनोन् महिने मुरते. मग चाखण्याचं टेबल. पाच-सहा प्रकार, प्रत्येकी दोन-तीन घोट. ग्लास उजेडात धरून रंग बघायचा, हलवून वास घ्यायचा, मग घोट. न पिणाऱ्याने संकोच करायचं कारण नाही, नुसता कारखाना आणि बाग बघूनही येता येतं. लहान मुलांना सोबत नेता येतं का, हे ठिकाणागणिक वेगळं. चाखायला बसणाऱ्याने वयाचा पुरावा जवळ ठेवावा. आणि ड्राय डेला वाईन मिळत नाही, हे पाहुण्यांना गेटवर कळतं तेव्हा फार चिडचिड होते.

हंगामात पायाने द्राक्षं तुडवायचा खेळही असतो. फोटो झकास येतात, पण तो खेळच. वाईनची द्राक्षं यंत्रात जातात.

कधी जावं

यात शहरातले लोक हमखास फसतात. श्रावणात येतात आणि घड कुठे म्हणून विचारतात. आपल्याला माहीत आहे, एप्रिलच्या खरड छाटणीनंतर पावसाळ्यात नुसती काडी आणि पाला वाढतो. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर घड धरतात, वाईनच्या द्राक्षांचा खुडा साधारण जानेवारी ते मार्च चालतो. घड बघायचे तर तेव्हाच जावं. पावसाळ्यात हिरवे डोंगर असतात, धरण भरलेलं असतं, त्याचीही मजा आहे, पण ती वेगळी. एप्रिल-मे मध्ये छाटलेल्या बागेत बघण्यासारखं फारसं काही नसतं. सोमवार ते गुरुवार दर बरेच खाली येतात. डिसेंबरअखेरची आशा धरू नये.

बागायतदाराला यात काय मिळतं

दिंडोरी-निफाडच्या पारावर हा प्रश्न नेहमी निघतो. आपणही वाईनची द्राक्षं लावावी का, दोन खोल्या बांधाव्या का?

पहिली गोष्ट, मोठ्या वाईन कंपनीचा मुख्य धंदा बाटलीचा असतो, खोलीचा नव्हे. रिसॉर्टमधून पैसा येतो, पण खोलीचं मोठं काम म्हणजे गिऱ्हाईक बांधणं. बागेत बसून ज्याने एक वाईन चाखली, तो मुंबईला गेल्यावर दुकानात तीच बाटली मागतो. शिवाय बागेतच विकलेल्या बाटलीत मधला वितरक नसतो. ज्याचा कारखानाच नाही, त्याला नुसत्या खोल्यांवर हे गणित जमणार नाही. त्याचा मार्ग वेगळा, तो पुढे येतोच.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. वाईनचं द्राक्ष खायच्या कामाचं नाही. मणी बारीक, साल जाड, आत बी. शिराझ, कॅबर्ने, शेनिन ब्लांक, सोविन्यों ब्लांक ही नावं बाजार समितीत चालत नाहीत. थॉमसनचा भाव पडला तर बेदाणा करता येतो, या बीवाल्या द्राक्षाला तोही रस्ता नाही. गोडी आणि आम्लता बघून माल घेतात, चवीसाठी उतारा मुद्दाम कमी ठेवतात. जीएच्या बुडवण्या लागत नाहीत, मजुरी वाचते, हे खरं. पण विकत घेणारा एकच, कारखाना.

२००८ नंतर हे जिल्ह्याने भोगलं आहे. मंदी आली, मुंबईच्या हल्ल्यानंतर हॉटेलं ओस पडली, वाईन टाक्यांत साचली आणि द्राक्षं घ्यायला कुणी तयार होईना. कित्येकांनी वाईनच्या बागा मुळासकट काढल्या. बाग लावून चांगला माल यायला तिसरं वर्ष उजाडतं, म्हणून ही चूक महागात पडते. आधी लेखी करार, मग कलम. करारात वाण, भाव ठरवायची पद्धत, ब्रिक्सची अट, माल नाकारला तर काय आणि पैसे किती दिवसांत, हे स्पष्ट असावं. सुलासारख्या कंपन्या बरीचशी द्राक्षं करारावरच घेतात. करार न वाचता सही करणारे मात्र आजही आहेत.

कारखाना नसेल तर

खायच्या द्राक्षांची बागही पाहुण्यांना तितकीच आवडते. उलट मंडपाखाली लोंबणारे मोठे घड फोटोत जास्त भरतात, आणि ते तोडून खाताही येतात! राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आलं. किमान एक एकर शेती असलेल्या शेतकऱ्याला पर्यटन संचालनालयाकडे केंद्राची नोंदणी करता येते. सातबारा, आधार, पॅन, वीज बिल आणि जेवण देणार असाल तर अन्न परवाना, ही कागदं तयार ठेवावीत. नोंदणीचं प्रमाणपत्र बँकेत कर्जासाठी उपयोगी पडतं.

या नोंदणीवर वाईन विकता येत नाही. त्यासाठी राज्य उत्पादन शुल्क विभागाचा वेगळा परवाना लागतो. ‘पाहुण्यालाच देतोय, विकत नाही’ ही सबब चालत नाही. फवारणीचं वेळापत्रक आणि पाहुण्यांच्या तारखा यांचाही मेळ घालावा लागतो; ताज्या फवारलेल्या बागेत कुणालाही, विशेषतः पोरांना, सोडू नये.

रिसॉर्टच्या आसपासच्या गावांना आचारी, माळी, साफसफाई, ड्रायव्हर अशी कामं मिळतात. भाजी, दूध, चुलीवरची भाकरी आणि मिसळ यांनाही गिऱ्हाईक आहे. सिंहस्थ आणि आता थेट झालेला समृद्धी महामार्ग यामुळे वर्दळ वाढणार. सोबत पाणी, कचरा आणि रात्रीच्या आवाजाच्या तक्रारीही वाढतील. ग्रामसभेत हा विषय आधीच घेतलेला बरा.

बुकिंग करताना

गूगलवर सापडलेल्या नंबरवर आगाऊ रक्कम पाठवू नये. रिसॉर्टच्या नावाने खोट्या वेबसाइट आणि क्यूआर कोड फिरतात. रिसॉर्टच्या स्वतःच्या वेबसाइटवरचा नंबर पडताळावा, खातं कंपनीच्या नावावर आहे का ते बघावं. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करावा, जितका उशीर तितकी रक्कम परत मिळायची शक्यता कमी. आणि वाईन घेणार असाल तर गाडी चालवायला न पिणारा माणूस सोबत न्यावा, नाहीतर तिथेच मुक्काम करावा.