भारत व फिनलंडमधील पूर्वप्राथमिक शिक्षण आणि बालसंगोपन

भारत आणि फिनलंड या दोन्ही देशांत शाळेत दाखल होण्यापूर्वीच्या वयातील मुलांचे शिक्षण व संगोपन यांसाठी सार्वजनिक व्यवस्था अस्तित्वात आहे. भारतात ही व्यवस्था प्रामुख्याने अंगणवाडीच्या रूपाने दिसते. तिचा उगम माता व बालकांच्या कुपोषणाविरुद्धच्या कार्यक्रमात आहे. फिनलंडमध्ये ती नगरपालिकांनी चालविलेल्या बालकेंद्रांच्या रूपाने दिसते. आईवडील कामावर असताना मुलाचा सांभाळ ही तिची मूळ गरज होती. दोन्ही देशांत या वयात खेळ हेच शिक्षणाचे माध्यम मानले जाते. दोन्ही व्यवस्थांतील मुख्य फरक मुलाला कायद्याने काय मिळते, दिवसातील किती तास मिळते आणि ते देणाऱ्या व्यक्तीचा दर्जा काय, या तीन बाबींत आहे. प्रस्तुत लेखात भारतातील उदाहरणे मुख्यतः महाराष्ट्रातील, विशेषतः जालना जिल्ह्यासारख्या मराठवाड्यातील ग्रामीण भागातील घेतली आहेत. फिनलंडची लोकसंख्या सुमारे ५६ लाख, म्हणजे महाराष्ट्राच्या पाच टक्क्यांच्या आसपासची आहे. त्यामुळे ही तुलना आकाराची नसून रचनेची आहे.

इतिहास

भारत

महाराष्ट्रातील बालशिक्षणाच्या चळवळीचा पाया ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी घातला. भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्यासमवेत काम केल्यानंतर त्यांनी माँटेसरी पद्धती भारतीय परिस्थितीला अनुरूप करण्याचा प्रयत्न केला. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. १९४५ मध्ये बोर्डी (तत्कालीन ठाणे जिल्हा) येथे ताराबाईंनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ (१९१०–१९९२) तेथे त्यांच्या सहकारी झाल्या. १९५७ मध्ये हे कार्य आदिवासी भागातील कोसबाड येथे गेले. मुले बालवाडीपर्यंत येत नसतील, तर बालवाडीने मुलांच्या अंगणात जावे, या विचारातून ‘अंगणवाडी’ ही कल्पना पुढे आली. महागड्या साधनांऐवजी बिया, पाने, शंख, माती व स्थानिक गाणी यांचा उपयोग हे या प्रयोगाचे वैशिष्ट्य होते. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण, तर अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री हा सन्मान मिळाला.

राष्ट्रीय पातळीवर मीना स्वामीनाथन यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने १९७२ मध्ये आहार, आरोग्य व शिक्षण यांचा एकत्र विचार करण्याची शिफारस केली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बाल विकास सेवा योजना देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली. पूरक पोषण आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण आणि पोषण व आरोग्य शिक्षण या सहा सेवा तिच्यात समाविष्ट होत्या. योजनेच्या केंद्राला ‘अंगणवाडी’ हेच नाव मिळाले. सर्वोच्च न्यायालयाने २००१ पासून दिलेल्या आदेशांमुळे योजनेचा विस्तार झाला. डिसेंबर २००६ मध्ये न्यायालयाने अंगणवाड्यांची संख्या १४ लाखांपर्यंत नेण्याचे निर्देश दिले. महाराष्ट्रात सुमारे १ लाख १० हजार अंगणवाड्या आहेत.

फिनलंड

फिनलंडमधील लोकशाळांचे जनक मानले जाणारे उनो सिग्नेउस यांच्यावर जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेल यांच्या बालोद्यान कल्पनेचा प्रभाव होता. १८८८ मध्ये हॅना रॉथमन यांनी हेलसिंकीच्या कामगार वस्तीत गरीब मुलांसाठी बालोद्यान सुरू केले. पुढे त्यांनी एलिझाबेथ अलांदर यांच्यासह बालोद्यान शिक्षिकांचे प्रशिक्षण उभे केले. अशा रीतीने तेथेही आरंभ स्त्रियांच्या पुढाकारातून व गरीब वस्तीतूनच झाला.

दुसऱ्या महायुद्धानंतर स्त्रिया मोठ्या संख्येने घराबाहेर कामाला जाऊ लागल्या. १९७३ च्या बालसंगोपन कायद्याने दिवसा मुलांच्या सांभाळाची सोय करणे ही नगरपालिकांची जबाबदारी ठरली. १९९० मध्ये तीन वर्षांखालील मुलांना आणि १९९६ मध्ये शाळेपूर्वीच्या सर्व मुलांना अशा सोयीत जागा मिळण्याचा वैयक्तिक हक्क लागू झाला. २०१३ मध्ये हा विषय समाजकल्याण व आरोग्य मंत्रालयाकडून शिक्षण मंत्रालयाकडे सोपविण्यात आला. २०१८ च्या नव्या कायद्याने जुन्या कायद्याची जागा घेतली. या कायद्यात पालकांच्या सोयीपेक्षा मुलाच्या हिताला अग्रस्थान आहे.

कायदेशीर स्थान

भारतात ६ ते १४ वर्षे वयाच्या मुलांना संविधानाच्या अनुच्छेद २१(अ) नुसार मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा मूलभूत हक्क आहे. सहा वर्षांखालील मुलांचे संगोपन व शिक्षण २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ४५ मध्ये, म्हणजे मार्गदर्शक तत्त्वांत ठेवण्यात आले. त्याची न्यायालयामार्फत थेट अंमलबजावणी करून घेता येत नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ मधील कलम ११ नुसार शासन पूर्वप्राथमिक शिक्षणाची आवश्यक व्यवस्था ‘करू शकेल’. ती करणे बंधनकारक नाही. याउलट राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, २०१३ नुसार सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलाला अंगणवाडीतून विनामूल्य आहार मिळणे हा कायदेशीर हक्क आहे. परिणामी भारतात अंगणवाडीतील मुलाचा आहार हा हक्क आहे, परंतु त्याच अंगणवाडीतील शिक्षण हा हक्क नाही आणि दिवसभराचा सांभाळ तर योजनेच्या मूळ सहा सेवांतही नाही.

फिनलंडमध्ये सांभाळ व शिक्षण ही दोन्ही एकाच हक्काची अंगे आहेत. पालक नोकरी करीत असोत वा नसोत, नगरपालिकेला मुलाला जागा द्यावी लागते. २०१६ मध्ये पालक घरी असल्यास हा हक्क आठवड्याला २० तासांपुरता मर्यादित करण्याची मुभा नगरपालिकांना देण्यात आली होती. ऑगस्ट २०२० पासून पूर्णवेळेचा हक्क पुन्हा सर्वांना लागू झाला. शाळेचा आरंभ सातव्या वर्षी होतो. त्याआधीचे एक वर्षाचे पूर्वप्राथमिक शिक्षण २०१५ पासून सक्तीचे व विनामूल्य आहे. इतर सेवांसाठी कुटुंबाचे उत्पन्न व सदस्यसंख्या पाहून शुल्क आकारले जाते आणि अल्प उत्पन्न गटातील कुटुंबांना ते माफ असते.

केंद्रांची रचना व वेळ

अंगणवाडी साधारणतः ४०० ते ८०० लोकसंख्येमागे एक असते. तेथे एक सेविका व एक मदतनीस असतात. तीन ते सहा वर्षांची मुले दिवसातील काही तास येतात, गरम ताजा आहार घेतात व घरी परततात. तीन वर्षांखालील मुलांसाठी व गरोदर आणि स्तनदा मातांसाठी घरी नेण्याचा आहार दिला जातो. हीच सेविका वजन-उंची मोजणे, गृहभेटी, लसीकरणासाठी मुलांना बोलाविणे, सर्वेक्षणे आणि २०२१ पासून ‘पोषण ट्रॅकर’ या भ्रमणध्वनी प्रणालीत नोंदी करणे ही कामेही करते. त्यामुळे शिक्षणासाठी उरणारा वेळ कमी होतो, हा या व्यवस्थेवरील नेहमीचा आक्षेप आहे.

फिनलंडमधील केंद्राला ‘पाइवाकोती’ म्हणतात. या शब्दाचा अर्थ ‘दिवसाचे घर’ असा होतो. मूल तेथे सकाळी येते आणि पालकांचे काम संपेपर्यंत राहते. न्याहारी, जेवण, दुपारची झोप आणि हिवाळ्यातही मोकळ्या हवेतील खेळ हे दिनक्रमाचे भाग असतात. रात्रपाळी करणाऱ्या पालकांसाठी अनेक ठिकाणी रात्रीच्या सांभाळाचीही सोय असते. तीन वर्षांखालील चार मुलांमागे एक आणि त्यावरील वयाच्या सात मुलांमागे एक प्रशिक्षित व्यक्ती असे पूर्णवेळ गटासाठीचे प्रमाण नियमाने ठरलेले आहे. मूल तीन वर्षांचे होईपर्यंत घरीच सांभाळू इच्छिणाऱ्या पालकांना गृहसंगोपन भत्ता मिळतो.

शिक्षिका आणि सेविका

अंगणवाडी सेविका ही शासकीय कर्मचारी नसून ‘मानसेवी’ कार्यकर्ती मानली जाते. तिला वेतन नव्हे, तर मानधन मिळते. ऑक्टोबर २०१८ पासून केंद्र शासनाने हे मानधन सेविकेसाठी दरमहा ४,५०० रुपये व मदतनिसासाठी २,२५० रुपये निश्चित केले. राज्ये त्यात आपली भर घालतात. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधील एका प्रकरणात सेविका व मदतनीस उपदान (ग्रॅच्युइटी) मिळण्यास पात्र असल्याचा निर्णय दिला. डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ या काळात महाराष्ट्रातील सेविका व मदतनिसांनी मानधनवाढ, उपदान व निवृत्तिवेतन या मागण्यांसाठी दीर्घ संप केला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० मध्ये बारावी उत्तीर्ण सेविकांना सहा महिन्यांचे आणि त्याहून कमी शिकलेल्यांना एक वर्षाचे बालशिक्षणाचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे.

फिनलंडमध्ये बालशिक्षण शिक्षकाला विद्यापीठीय पदवी आवश्यक असते. त्याच्या जोडीला व्यावसायिक प्रशिक्षण घेतलेले संगोपक असतात. २०१८ च्या कायद्यानुसार २०३० पर्यंत केंद्रातील किमान दोन तृतीयांश कर्मचारी उच्चशिक्षण घेतलेले असावेत व त्यांतील निम्मे तरी शिक्षक असावेत, असे उद्दिष्ट आहे. तथापि, शिक्षकांची टंचाई, विशेषतः राजधानी परिसरात, ही तेथील गंभीर समस्या आहे.

अभ्यासक्रम व भाषा

फिनलंडचा राष्ट्रीय बालशिक्षण आराखडा बंधनकारक असून प्रत्येक मुलासाठी स्वतंत्र योजना पालकांशी चर्चा करून तयार केली जाते. वाचन-लेखनाचे औपचारिक शिक्षण शाळेत जाईपर्यंत अपेक्षित नसते. भारतात २०२० च्या धोरणाने ३ ते ८ वर्षे हा एकच ‘पायाभूत स्तर’ मानला. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्यासाठीचा राष्ट्रीय आराखडा प्रसिद्ध झाला. २०२४ मध्ये अंगणवाड्यांसाठी ‘आधारशिला’ व तीन वर्षांखालील मुलांसाठी ‘नवचेतना’ हे मार्गदर्शक आराखडे आले. महाराष्ट्रात अंगणवाड्यांसाठी ‘आकार’ हा बालशिक्षणक्रम वापरला गेला. दुसरीकडे, खासगी शिशुवर्गांत तिसऱ्या-चौथ्या वर्षीच अक्षरे गिरविणे व गृहपाठ यांवर भर दिला जातो. अनेक पालक त्यालाच ‘शिक्षण’ समजतात आणि खेळावर आधारलेली अंगणवाडी त्यांना केवळ खाऊ मिळण्याची जागा वाटते.

भाषेच्या बाबतीत फिनलंडच्या कायद्यात फिनिश, स्वीडिश व सामी या भाषांतून सेवा देण्याची तरतूद आहे. लुप्त होऊ लागलेल्या इनारी सामी भाषेसाठी १९९७ मध्ये सुरू झालेली ‘भाषा घरटी’ प्रसिद्ध आहेत. तेथे मुलांशी केवळ त्याच भाषेत बोलले जाते. मराठवाड्यातील बंजारा तांड्यांवरील मुलांची घरची भाषा गोरमाटी असते, तर अंगणवाडीतील साहित्य मराठीत असते. सेविका तांड्यावरचीच असेल, तर हे अंतर पुष्कळ कमी होते.

ग्रामीण मराठवाड्यातील स्थिती

जालना जिल्ह्याच्या परतूर तालुक्यातील आष्टी व परिसर हा कोरडवाहू शेतीचा प्रदेश आहे. अशा गावांत अंगणवाडीचे काम तालुक्याच्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या व गटाच्या पर्यवेक्षिकेच्या देखरेखीखाली चालते. येथील प्रश्न प्रामुख्याने वेळेचा आहे. कापूस वेचणीच्या किंवा खुरपणीच्या दिवसांत आई सकाळी शेतात जाते व सायंकाळी परतते, तर अंगणवाडी दुपारपर्यंतच भरते. उरलेला वेळ मूल आजीकडे, थोरल्या बहिणीकडे किंवा बांधावरच्या झोळीत असते. थोरल्या बहिणीची शाळा बुडण्याचे हे एक कारण आहे.

ऊसतोड मजुरांच्या मुलांची अडचण याहून मोठी आहे. मराठवाड्यातून हजारो कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांवर जातात आणि हंगाम संपल्यावर, साधारण मार्च-एप्रिलमध्ये परततात. नवरा-बायकोची जोडी ‘कोयता’ म्हणून एकत्र मोजली जात असल्याने आईला मुलासाठी मागे थांबता येत नाही. शाळकरी मुलांसाठी गावात हंगामी वसतिगृहे व कारखान्यांवर साखरशाळा असे उपाय योजले गेले. सहा वर्षांखालील मूल मात्र वसतिगृहात राहू शकत नाही. ते आईवडिलांबरोबर कोपीवर व फडात जाते. वाढीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाच्या वयात त्याच्या वर्षातील पाच-सहा महिने असे जातात. स्थलांतरित लाभार्थ्याला दुसऱ्या गावातील अंगणवाडीत नोंद करण्याची सोय पोषण ट्रॅकरमध्ये आहे. परंतु फड दर काही दिवसांनी बदलत असल्यास तिचा उपयोग मर्यादित राहतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९–२१) नुसार महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी होती व ३६.१ टक्के मुलांचे वजन कमी होते. त्यामुळे आहाराला प्राधान्य देण्याचे कारण आजही संपलेले नाही.

मर्यादा व सुधारणांची दिशा

भारतात पाळणाघरांची सोय अल्प आहे. बांधकाम मजुरांच्या मुलांसाठी १९६९ मध्ये दिल्लीत मीरा महादेवन यांनी मोबाइल क्रेशेस ही संस्था सुरू केली. २०१७ च्या दुरुस्तीनुसार मातृत्व लाभ कायद्याने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक केले. परंतु शेतमजूर व असंघटित क्षेत्रातील बहुसंख्य स्त्रिया या तरतुदीबाहेर राहतात. २०२२ पासून ‘पाळणा’ योजनेखाली अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याचे धोरण आहे. अंगणवाडीचे तास वाढविणे, शिक्षणासाठी स्वतंत्र दुसरी कार्यकर्ती नेमणे आणि शिक्षण हक्क कायद्याची वयोमर्यादा तीन वर्षांपर्यंत खाली आणणे या सूचना सातत्याने मांडल्या जातात.

फिनलंडच्या व्यवस्थेवरही टीका होते. गृहसंगोपन भत्त्यामुळे विशेषतः अल्पशिक्षित व स्थलांतरित स्त्रिया दीर्घकाळ नोकरीबाहेर राहतात व त्यांची मुले केंद्रांत उशिरा येतात, असे मत व्यक्त केले जाते. मुलांमागे शिक्षकांचे प्रमाण कागदावर पाळले जात असले, तरी कर्मचारी रजेवर असताना ते बिघडते, अशीही तक्रार आढळते.

दोन्ही देशांचा अनुभव पाहता शिक्षणपद्धतीपेक्षा तिच्यामागची तरतूद अधिक निर्णायक ठरते, असे दिसते. खेळ, निसर्ग व परिसरातील साधने यांतून शिकविण्याची कोसबाडची पद्धत आजच्या फिनिश आराखड्याच्या तत्त्वांशी मिळतीजुळती आहे. फिनलंडने मात्र त्या तत्त्वांमागे हक्क, वेळ व प्रशिक्षित मनुष्यबळ उभे केले, तर भारतात ही पद्धत मुख्यतः सेविकेच्या व्यक्तिगत निष्ठेवर अवलंबून राहिली.

हेही पाहा

एकात्मिक बाल विकास सेवा योजना
ताराबाई मोडक
अनुताई वाघ
गिजुभाई बधेका
राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२०
परतूर तालुका