हाकेला ओ न देणारे दार

वाचकहो, कुणाच्या दारावरून जाताना आपण हाक मारतो. आतून ‘ओ’ आली, की माणूस घरी आहे हे कळते. पण ओ आली नाही, म्हणून घर रिकामे असे म्हणावे काय? संगणकांच्या जगात हाच प्रश्न उभा राहिला, त्याची ही हकिगत.

संगणकांनी एकमेकांना अडचणी कशा कळवाव्यात, याचे नियम जॉन पोस्टेल यांनी सप्टेंबर १९८१ मध्ये लिहिले. त्यांना आयसीएमपी म्हणतात. त्यात एक सोय होती: प्रतिध्वनी मागणारा निरोप आला, की तो जसाच्या तसा परत करावा. डिसेंबर १९८३ मध्ये अमेरिकेच्या सैन्याच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीतील माइक मूस यांना जाळ्यात काही बिघाड दिसला. त्यांनी रात्रभर बसून, या सोयीच्या आधारे एक छोटा प्रोग्रॅम रचला. सोनार यंत्राच्या आवाजावरून त्याचे नाव ठेवले ‘पिंग’. गंमत अशी, की पहिली हाक जाण्यापूर्वीच सहकाऱ्याने बिघाड दुरुस्तही केला होता!

तेव्हा जाळ्यावर सारी मंडळी विश्वासाची. पण २ नोव्हेंबर १९८८ रोजी मॉरिसचा ‘वर्म’ हजारो संगणकांत शिरला आणि विश्वासाला तडा गेला. पुढे दारोदार पहारेकरी बसले, तेच फायरवॉल. १९९६ च्या सुमारास अवाढव्य पिंग पाठवून संगणक कोलमडवण्याची युक्ती निघाली. मग ‘स्मर्फ’ आला. दुसऱ्याच्या नावाने शेकडो घरी हाक मारायची, म्हणजे सगळ्यांची ओ त्या बिचाऱ्यावर कोसळते. साहजिकच पुष्कळांनी पहारेकऱ्याला हुकूम दिला, हाकच आत सोडू नकोस.

हा हुकूम सरसकट दिला, की नुकसानही होते. ‘पाकीट मोठे आहे, लहान करून पाठवा’ हा निरोपही आयसीएमपीचाच. तो अडला, की पाठवणारा मोठीच पाकिटे धाडत राहतो, आणि पान अर्धवट उघडून थांबते. म्हणून कोणते निरोप अडवू नयेत, याची शिफारस २००७ मध्ये नव्या आयपीव्ही६ साठी प्रसिद्ध झाली.

तेव्हा गुरुजी, शाळेत पिंगला उत्तर आले नाही, तर लगेच ‘यंत्र बंद’ असा निकाल देऊ नका. आधी आपल्याच राउटरला हाक मारा. मग दुसऱ्या एखाद्या ठिकाणी मारून पाहा. शेवटी तीच वेबसाइट ब्राउझरमध्ये उघडा. ती उघडली, तर घरात माणूस आहे, फक्त पहारेकरी ओ देऊ देत नाही. मग फायरवॉल बंद करून टाकू नका. ज्याच्या ताब्यात ते आहे, त्याला गरजेपुरती वाट मोकळी करण्यास सांगा. मौनाचा अर्थ लावण्यापूर्वी दुसरे दार ठोठावून पाहावे, हे शहाणपण संगणकापुरतेच नाही.