लाल टोपी आणि ६४ एमबी रॅम

"जुना पीसी आहे ना? मग लिनक्स टाक की!" हा सल्ला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षापासून ऐकतोय. पुढे मीही तो लोकांना फुकटात वाटला. पण मंडळी, जरा इतिहास उकरला की कळतं, हे वाक्य अर्धंच खरं आहे.

लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये लिनक्स लिहिलं ते ३८६ वर, आणि कर्नलने ३८६ ची साथ सोडली ती थेट २०१३ मध्ये, ३.८ आवृत्तीत. पण हा झाला कर्नल. आपण मशीनवर टाकतो ते डिस्ट्रिब्युशन. आणि जे डिस्ट्रिब्युशन एखादी कंपनी विकते, ते पैसे मोजणाऱ्या गिऱ्हाइकाच्या मशीनकडे बघून बनतं.

रेड हॅटचंच घ्या. १९९४ पासूनचा धंदा: सीडी, मॅन्युअल आणि सपोर्ट विकायचा. मात्र आतला बराचसा कोड जीपीएलखाली, म्हणजे कॉपी करून वाटायला कायद्याची आडकाठी नाही. याचं महत्त्व आपल्याकडे जास्त. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने इंटरनेट आणलं खरं, पण ६५० एमबीची एक सीडी ५६ केबीपीएसच्या मोडेमवर उतरवायची म्हणजे, लाईन एकदाही तुटली नाही असं धरलं तरी, २६ तास! फोनचं बिल वेगळंच. आमच्या देऊळगाव राजासारख्या गावात तर विषयच संपला.

हे कोडं सोडवलं एका मासिकाने. १९९६ पासून 'पीसीक्वेस्ट'ने अंकासोबत लिनक्सची सीडी द्यायला सुरुवात केली. आधी स्लॅकवेअर, पुढे रेड हॅटवर बेतलेली. या उपक्रमामागे होते अतुल चिटणीस, बर्लिनमध्ये जन्मलेले आणि बेळगावात वाढलेले. २०१३ मध्ये ते गेले. आपल्याकडे लिनक्स नेटवरून नाही, पोस्टाने आणि बुकस्टॉलवरून आलं, हे आजच्या पोरांना सांगूनही पटत नाही.

तर मागच्या दिवाळीत गावी माळ्यावरचा काकांचा पेंटियम टू खाली काढला. रॅम ६४ एमबी. त्यावर मार्च २००३ चं रेड हॅट लिनक्स ९ चढवलं. टेक्स्ट मोडमध्ये गडी एकदम मजेत! व्हीआय, जीसीसी, अपाचे, सगळं चाललं. ग्राफिकल डेस्कटॉप सुरू केला आणि हार्ड डिस्क जी घरघरायला लागली ती थांबेना. यात आश्चर्य काहीच नाही. रिलीज नोट्समध्ये स्वच्छ लिहिलंय: टेक्स्ट मोडला ६४ एमबी, ग्राफिकलला किमान १२८, शिफारस १९२. आता गंमत बघा, विंडोज एक्सपीची किमान अट होती ६४ एमबी. म्हणजे डेस्कटॉपपुरतं बोलायचं तर २००३ मध्ये 'जुन्या मशीनला लिनक्स' हा सल्ला चक्क उलटा होता. लिनक्सचं 'हलकं' हे नाव झालं ते काळ्या पडद्यावर.

असो. रेड हॅट लिनक्स ९ चा सपोर्ट ३० एप्रिल २००४ ला संपला आणि ती मालिकाच थांबली. फुकटवाल्यांना फेडोरा, पैसेवाल्यांना एंटरप्राइज. २०१४ च्या एंटरप्राइज ७ ने ३२-बिट पीसी सोडले. मे २०२५ च्या एंटरप्राइज १० ला तर एव्हीएक्स२ वगैरे सूचना समजणारा प्रोसेसर लागतो, म्हणजे इंटेलचा साधारण २०१३ च्या चौथ्या पिढीपासून पुढचा. मला यात कंपनीचा दुष्टपणा दिसत नाही. सर्व्हर विकत घेणारी बँक बारा वर्षांपूर्वीचं मशीन चालवत नाही, एवढाच हिशोब.

पण गावाकडे हिशोब वेगळा आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला, तेव्हापासून देऊळगावहून फोन येतात, "अरे, हा डबा आता भंगारात द्यायचा का?" डबा म्हणजे बहुतेक वेळा २०१२ च्या आसपासचा तिसऱ्या पिढीचा आय३. त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही, एंटरप्राइज १० ही नाही. मात्र एंटरप्राइजच्याच धर्तीवर बनणाऱ्या अल्मालिनक्स १० ने अशा जुन्या प्रोसेसरसाठी वेगळी आवृत्ती काढली आहे, आणि डेबियन १३ लाही हा ६४-बिट प्रोसेसर चालतो. फोनवर मी आता आधी रॅम किती ते विचारतो. ४ जीबी असेल तर म्हणतो, थांबा, भंगारवाल्याला परत पाठवा, मी येतो पेन ड्राइव्ह घेऊन.