पाठीवरची बेंबी

रानडुकराच्या शिकारीच्या कथा आपल्यापैकीं बहुतेकांनीं ऐकल्या असतील. आज ज्या जनावराविषयीं बोलावयाचें आहे, तें मात्र आपल्या रानांत कधींच नव्हतें. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील टेक्सस व ॲरिझोना या प्रांतांपासून दक्षिणेस थेट अर्जेंटिनापर्यंत त्याचा वावर आहे. उंची जेमतेम दोन फूट, अंगावर राठ करडे केस, गळ्याभोवतीं पांढुरका पट्टा, आणि वाळवंटी प्रदेशांतलें आवडतें खाद्य निवडुंग, तेंही कांट्यांसकट! मेक्सिकोच्या सरहद्दीवर त्याला हाव्हेलीना म्हणतात. स्पॅनिश भाषेंत रानडुकराला जो शब्द आहे, त्याच्या मुळाशीं अरबी ‘जबल’ म्हणजे डोंगर. जिब्राल्टरच्या नांवांत दडलेला आहे तोच. स्पॅनिश लोकांना हें आपल्या डोंगरांतलेंच डुक्कर वाटलें.

पण तें खरें डुक्कर नव्हे. रानडुकराचे सुळे वर वळतात, याचे सरळ खालीं उतरतात. शिवाय याच्या पाठीवर, शेपटीच्या वीतभर पुढें, एक ग्रंथि असते व तिच्यांतून उग्र वासाचा स्राव पाझरतो. कळपांतलीं जनावरें एकमेकांच्या अंगाला अंग घासून हा वास वांटून घेतात.

या ग्रंथीनें जुन्या प्रवाशांना चांगलेंच चकविलें. पेरू व मेक्सिको येथें राहून आलेला जेझुइट पाद्री होसे दे आकोस्ता याचा इतिहासग्रंथ १५९० सालीं सेव्हिल येथें छापला गेला. त्यांत तो सांगतो कीं, या जनावरांची शिकार करणारे झाडावर चढून बसतात. कळप चवताळून झाडाच्या बुंध्यालाच चावूं लागतो आणि वरून भाल्यानें हवीं तितकीं जनावरें टिपतां येतात. मांस फार रुचकर, परंतु पाठीवरची बेंबी तत्काळ काढून टाकावी, नाहीं तर एका दिवसांत तें नासतें. बेंबी, आणि ती पाठीवर!

लायोनेल वेफर हा चांच्यांच्या तांड्यांतला शस्त्रवैद्य. १६८१ सालीं पनामाच्या दरियेन भागांत बंदुकीच्या दारूचा भडका उडून त्याचा गुडघा भाजला. दुसऱ्यांचीं दुखणीं बरीं करणाऱ्या या वैद्याला तेथील कूना लोकांनीं वनस्पती चावून केलेला लेप लावून बरें केलें. तो कांहीं महिने त्यांच्यांत राहिला. ते लोक कुत्रे घालून हीं जनावरें गांठीत व भाल्यांनीं किंवा बाणांनीं मारीत. मांस टिकवावयाचें असल्यास बेचक्याच्या खुंट्यांवर काठ्यांचा मांचा रचून खालीं मंद विस्तव ठेवीत. बेंबी तीन-चार तासांच्या आंत काढावी, असें वेफरही १६९९ सालच्या पुस्तकांत बजावतो. गंमत अशी कीं, त्यापूर्वीं सोळा वर्षें, १६८३ सालीं, लंडनच्या एडवर्ड टायसननें या जनावराचें विच्छेदन करून ती बेंबी नसून ग्रंथि आहे हें रॉयल सोसायटीच्या नियतकालिकांत प्रसिद्ध केलें होतें! छापलेलें ज्ञान चुलीपर्यंत पोंचावयास असा वेळ लागतो.

तथापि चुलीपाशीं बसणाऱ्यांचें फारसें अडलें नव्हतें. ग्रंथि कातड्यालाच चिकटलेली असते. कातडें नीट सोललें तर ती त्याबरोबरच निघून येते. मांस बिघडतें तें बहुधा सोलणाऱ्याच्या हातानें. केसांना लागलेला हात मांसाला लागला, किंवा सुरीनें ग्रंथि फुटली, कीं तो वास मग जातां जात नाहीं. जाणते शिकारी म्हणूनच हात धुऊन दुसरी सुरी घेतात. दोष आपल्या हाताचा आणि नांव जनावराचें वाईट, असा हा प्रकार मला वाटतो.

मांसाची अशी नालस्ती होत असतां कातड्याला मात्र गिऱ्हाईक मिळालें. थिओडोर रूझवेल्ट १८९२ सालीं टेक्ससमधील न्युएसेस नदीकांठीं या शिकारीस गेला, तेव्हां कळप विरळ झालेले त्याला आढळले. कांहीं वर्षांपूर्वीं एका कातड्याला अर्धा डॉलर मिळूं लागला होता, आणि तेवढ्यासाठीं लोकांनीं कित्येक ठिकाणीं त्यांचा निःपात केला होता. हातमोजे व केसांचे ब्रश यांपायीं चाललेला हा संहार आवरावयास पुढें कायदा लागला. ॲरिझोनानें १९२९ सालीं व टेक्ससनें १९३९ सालीं त्याला शिकारीच्या नियमांखालीं आणलें. आज ॲरिझोनांत परवान्यासाठीं सोडत असते.

परवाना मिळून शिकार साधली तरी खरें काम पुढेंच. उष्ण प्रदेश असल्यानें मांस लौकर थंड करावें लागतें. त्यांत चरबी थोडी, म्हणून नुसतें भाजलें तर चिवट होतें. मांड्या व खांदे मंद आंचेवर तासन् तास शिजवितात, किंवा ओल्या कापडांत गुंडाळून निखाऱ्यांच्या खड्ड्यांत रात्रभर पुरून ठेवतात. आंतून कच्चें ठेवणें धोक्याचें, कारण रानटी मांसांत कृमि असूं शकतात. उरलेलें मांस बारीक कुटून, घरच्या डुकराची चरबी, लसूण, शिरका व लाल मिरची घालून त्याचे चोरिसो करतात. गोव्याच्या मंडळींना हें नांव परकें वाटणार नाहीं. त्यांच्या घरीं आढ्याला टांगलेल्या चोरिसांचा मसालाही याच घराण्यांतला, आणि त्यांतली मिरची तर अमेरिकेहूनच आलेली.