चूल आपली, जळण परक्याचं

तारनाक्याच्या चौकात पाच मिनिटं उभं राहिलं, तर ईसीआयएलकडे जाणाऱ्या दोन-तीन बस तरी दिसतातच. आमच्या शेजारच्या वहिनींचे यजमान अशाच बसने तीस वर्षं कामावर जात होते. मौलाअलीच्या पुढे त्यांचा कारखाना, न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्स. इथले लोक नुसतं 'एनएफसी' म्हणतात. १९७१ साली तो उभा राहिला. झारखंडातल्या जादूगुड्याच्या खाणीतून निघालेल्या युरेनियमची पिवळी भुकटी इथे येते, आम्लात विरघळवून शुद्ध होते, मग तिच्या बोटाच्या पेराएवढ्या काळ्या गोळ्या दाबून भट्टीत भाजतात. त्या गोळ्या धातूच्या नळीत भरायच्या, नळ्यांची जुडी बांधायची, की झालं अणुभट्टीचं जळण.

वहिनी मूळच्या नांदेडकडच्या. त्या म्हणायच्या, "आमचे हे सरपणाच्या वखारीत कामाला आहेत." मला हे वाक्य फार आवडायचं. कारण या वखारीचा इतिहास वाचायला घेतला तेव्हा मला सगळी गोष्ट स्वयंपाकघराच्या भाषेतच समजली.

तारापूरची वीज आपल्या महाराष्ट्राला आणि गुजरातला मिळते. तिथल्या पहिल्या दोन भट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या. १९६३ साली करार झाला, तीस वर्षांचा. १९६९ साली वीज सुरू झाली आणि जानेवारी १९७० मध्ये इंदिराबाईंनी केंद्र राष्ट्राला अर्पण केलं. पण त्या चुलीची एक अट होती. निसर्गात सापडतं तसं युरेनियम तिला चालत नाही. त्यात जळणारा अंश शंभरात एकाहूनही कमी असतो, ०.७ टक्के. या भट्ट्यांना तो दोन-अडीच टक्क्यांपर्यंत वाढवलेला लागतो, आणि तसं युरेनियम तयार करण्याची सोय आपल्याकडे नव्हती. करारात लिहिलं होतं की ते अमेरिका विकेल आणि भारत फक्त तिच्याकडूनच घेईल. गॅसची शेगडी घेतली आणि सिलिंडर एकाच दुकानात मिळतो, तसं. दुकानदार रुसला तर लाकडं घालून ती पेटत नाही!

आपल्या शास्त्रज्ञांना हे कळत नव्हतं का? कळत होतं. म्हणूनच होमी भाभांची मूळ योजना घरच्या नैसर्गिक युरेनियमवर चालणाऱ्या भट्ट्यांची आणि पुढे केरळच्या किनाऱ्यावरच्या थोरियमची होती. तारापूर हा लवकर वीज मिळावी म्हणून घेतलेला आडरस्ता. भाभांनंतर अणुऊर्जा आयोगाची सूत्रं विक्रम साराभाईंकडे आली. अहमदाबादच्या जैन घराण्यातले, म्हणून आपल्या समाजात त्यांचं कौतुक जरा जास्तच होतं. बॉम्बच्या वाटेला जायला ते राजी नव्हते हे आपण अभिमानाने सांगतो. १९७१ च्या डिसेंबरात ते अचानक गेले आणि अडीच वर्षांत, १८ मे १९७४ ला, पोखरणला स्फोट झाला. सरकारने त्याला शांततामय म्हटलं. मला तो शब्द तेव्हाही पटला नाही, आताही पटत नाही.

अमेरिकेलाही पटला नाही, पण तिच्या कारणांनी. जळणाची जहाजं लांबू लागली. १९७८ साली तिने नवा कायदाच केला: ज्या देशाला इंधन हवं, त्याने आपल्या सगळ्याच अणुकेंद्रांवर आंतरराष्ट्रीय तपासणी मान्य करावी. तारापूरवर तपासणी होतीच. बाकीच्या घराच्या किल्ल्या कशाला द्यायच्या, हे आपलं म्हणणं.

त्याच वर्षी जानेवारीत कार्टर दिल्लीत आले होते. समोर पंतप्रधान मोरारजी देसाई; शाकाहारी, गांधीवादी, बॉम्ब नकोच म्हणणारे. पण तपासणीच्या अटीवर मोरारजीही हलले नाहीत. परत गेल्यावर यांना चांगलं थंड, रोखठोक पत्र पाठवायला हवं, असं कार्टर आपल्या परराष्ट्रमंत्र्यांच्या कानात म्हणाले आणि माइक चालू राहिल्यामुळे ते पत्रकारांना ऐकू गेलं. पाहुणा ओट्यावर बसून सासूला काय म्हणाला हे सुनेने दाराआडून ऐकावं, तसा प्रकार.

गंमत म्हणजे त्याच कार्टरनी १९८० साली अडतीस टन इंधन पाठवायची परवानगी दिली. रशियन फौजा अफगाणिस्तानात शिरल्या होत्या आणि अमेरिकेला भारताशी बिघडवायचं नव्हतं. तिथल्या प्रतिनिधीगृहाने मोठ्या बहुमताने विरोध केला. सिनेटमध्ये सप्टेंबरात मतं पडली ४८ विरुद्ध ४६. दोन मतं फिरली असती तर ते जहाज निघालं नसतं. वॉशिंग्टनमध्ये हात वर होत होते आणि त्यावर इथे मौलाअलीत पाळी लागणार की नाही हे ठरत होतं. कारण त्या युरेनियमच्या गोळ्या आणि नळ्याही याच वखारीत होत.

पुढची यादी पटकन सांगते. १९८२ मध्ये इंदिराबाई आणि रेगन यांनी तोडगा काढला, जळण फ्रान्स देईल. १९९३ ला मूळ करार संपला, फ्रान्सने हात आखडला. १९९५ ला चीनने दिलं. चीनने! २००१ ला रशियाने. मधल्या काळात आपल्या लोकांनी प्लुटोनियम मिसळलेल्या काही जुड्याही करून पाहिल्या. आणि जळून गेलेलं अमेरिकन इंधन मात्र तारापूरच्या तलावांत पडून राहिलं. त्यावर प्रक्रिया करायला अमेरिका संमती देईना आणि परत न्यायलाही तयार होईना.

मग घरचं जळण वापरा, असं कुणीही म्हणेल. तसं केलंही. तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या भट्ट्या नैसर्गिक युरेनियमवरच चालतात. त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. आणि भट्ट्या वाढल्या तशा जादूगुड्याच्या खाणी पुऱ्या पडेनात. २००७-०८ मध्ये देशातल्या कितीतरी भट्ट्या निम्म्या ताकदीवर चालत होत्या. "यांच्याकडे भुकटीच कमी येते म्हणतात," वहिनी सांगायच्या. त्याच जुलैत अमेरिकेबरोबरच्या अणुकरारावरून लोकसभेत २७५ विरुद्ध २५६ झालं, सभागृहात नोटांची बंडलं फडकली. सप्टेंबरात पुरवठादार देशांनी दार उघडलं. बदल्यात आपण बरीच केंद्रं तपासणीसाठी खुली केली. पूर्वी ज्याला नाही म्हणालो त्यातलं अर्धं दिलं, अर्धं राखलं. माझ्या मते यापेक्षा बरा सौदा पदरात पडणारही नव्हता. २००९ पासून फ्रान्स, रशिया, कझाकिस्तान इथलं युरेनियम हैदराबादला येऊ लागलं.

तरी जमिनीखालचा शोध थांबला नाही, आणि तो आमच्या अंगणापर्यंत आला. नळगोंड्यात लांबापूर-पेद्दगट्टूला खाण काढायचं ठरलं होतं, नागार्जुनसागरच्या अगदी शेजारी. हैदराबादचं पिण्याचं पाणी त्याच कृष्णेचं. २००३ च्या जनसुनावणीत लोक चिडून उठले. मग २०१९ मध्ये नल्लमलाच्या जंगलाचं नाव निघालं. तिथे वाघ आहेत आणि चेंचू आदिवासी आहेत. शहरभर विरोध झाला, उस्मानियाची पोरं घोषणा देत होती, आणि सप्टेंबरात तेलंगणाच्या विधानसभेने खाण नको असा ठराव केला.

त्या संध्याकाळी मी वहिनींकडे गेले. मी खूश होते. जीवदया म्हणून शिकलो ती काही फक्त पांजरपोळापुरती नाही, असं काहीतरी बोललेही. वहिनी भाजी निवडत होत्या.

"बरं झालं बाई. पण मग आणायचं कुठून?"

मी कझाकिस्तानचं नाव घेतलं.

"तिथं माणसं राहत नाहीत का?"

मला उत्तर सुचेना. त्यांचे यजमान निवृत्त होऊन घरीच होते. त्यांनी पेपरातून डोकं वर काढून सांगितलं की तिथे खणत नाहीत, जमिनीत नळ घालून आम्ल सोडतात आणि विरघळलेलं युरेनियम वर ओढून घेतात.

"आणि खालचं पाणी?" वहिनींनी विचारलं.

ते म्हणाले, ते त्यांच्या खात्याचं काम नव्हतं. त्यांच्याकडे भुकटी ड्रममध्ये भरूनच यायची.