‘सुधारणे’ : एका क्रियापदाचा इतिहास आणि स्तनाच्या कर्करोगानंतरचे शरीर

परभणी जिल्ह्यातील झरीसारख्या गावी आजारातून उठलेल्या स्त्रीचे अंग भरले, की ‘बाई सुधारली’ असे म्हणतात. रोग हटणे आणि वजन वाढणे या दोन गोष्टी एकाच क्रियापदाने सांगण्याची ही रीत स्तनाच्या कर्करोगातून बऱ्या झालेल्या स्त्रीच्या बाबतीत कितपत खरी ठरते, हे पाहणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू होय.

प्राचीन वैद्यकात हे समीकरण नव्हते. चरकाने अतिकृश व अतिस्थूल या दोघांचीही गणना निंद्य पुरुषांत केली आहे. सुश्रुताने प्रमेहाचे सहज व अपथ्यनिमित्त असे दोन भेद करून पहिल्याचा रोगी कृश, तर दुसऱ्याचा स्थूल असतो, असे म्हटले. अर्बुदाचा विचार मात्र त्याने निराळ्या अध्यायात केला. १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता. तेथील राजभाषा उर्दूत कर्करोगास ‘सरतान’, म्हणजे खेकडा, आणि मधुमेहास ग्रीकमधून अरबीमार्गे आलेला ‘जियाबेतुस’ हा शब्द होता. आपल्या ‘कर्करोगा’तही खेकडाच आहे. नावे बदलली, तरी हे दोन रोग वेगळ्या खणांतच राहिले.

लोकभाषेने दुष्काळ आणि क्षय पाहिले होते. वाळणे, खंगणे ही तिची आजाराची क्रियापदे. म्हणून ‘भरणे’ आरोग्याचे ठरले असावे, असे अनुमान करावयास हरकत नाही.

आज हे क्रियापद फसवू शकते. रसायनोपचारात उलट्या थांबविण्यासाठी दिलेली स्टेरॉइडे रक्तातील साखर वाढवितात. कित्येकींची पाळी अकाली थांबते, स्नायू घटून मेद वाढतो. हा मेद नेहमी डोळ्यांना दिसतोच असेही नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी युडकिन यांचे उंचीच्या मानाने वजन सारखेच होते. तरी २००४ साली प्रसिद्ध झालेल्या टिपणानुसार त्यांच्या शरीरातील मेद अनुक्रमे २१.२ व ९.१ टक्के होता. गोळीचाही सोपा मार्ग नाही. ३६४९ रुग्णांच्या चाचणीचा २०२२ मधील मुख्य निष्कर्ष असा, की मधुमेह नसलेल्यांत मेटफॉर्मिनने कर्करोगाचे परतणे कमी झाले नाही.

‘सुधारली’ हा शब्द आपुलकीचा आहे. तो टाकण्याचे कारण नाही. परंतु वजन आणि साखर यांची चौकशी त्याच्यावर सोपवून चालणार नाही. ती स्वतंत्रपणे, आकड्यांतच झाली पाहिजे.